कारभाऱ्यांची तहान

वहिनींनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या खिडक्या झाकण्यात घालवलं. त्या पडदे शिवायच्या. कपडे नाही, पिशव्या नाही, उशांचे अभ्रेसुद्धा नाही, नुसते पडदे. घरांचे, दवाखान्यांचे, शाळांचे. सगळा रस्ता त्यांना वहिनीच म्हणे. त्यांचे यजमान लिफ्टची दुरुस्ती करायचे. दिवसभर लोकांच्या तोंडून ऐकून ऐकून तेही कधी चुकून म्हणायचे, "वहिनी, जरा चहा टाकता का?" आणि मग स्वतःच जीभ चावायचे.

वहिनींच्या गळ्यात मापाची फीत कायमची. आंघोळीपुरती उतरायची, एवढंच. "डोळा लबाड असतो, फीत लबाड नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अठ्ठावीस वर्षांत अंदाजानं म्हणून त्यांनी कात्री चालवली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, खिडकी तशीच आहे, गेल्या वेळेइतकीच." वहिनी म्हणायच्या, "खिडकी तशीच असेल, पण मी ती पुन्हा मोजणार." आणि स्टुलावर चढायच्या.

पुढची खोली कामाची. मधोमध लांबरुंद टेबल, एका कडेला मशीन, भिंतीशी कापडाचे गठ्ठे, आणि छताला एक रिकामा दांडा. शिवून झालेला पडदा आधी त्या दांड्यावर टांगायचा, लांबून बघायचा, मगच घडी घालायची. सकाळी काम सुरू करण्याआधी वहिनी दोन मिनिटं हात जोडून उभ्या राहायच्या. मागणं काही नसायचं. "आहेस ना? मग झालं," इतकंच.

अशा या घरात एका दुपारी वन्सं पिंजरा घेऊन आल्या.

वन्सं म्हणजे वहिनींची नणंद. यजमानांपेक्षा दोन वर्षांनी धाकटी, पण रुबाब थोरलीचा. सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, एकुलती लेक लग्न होऊन दूर गेली, आणि घर खायला उठायला लागलं तेव्हा त्यांनी एक पक्षी आणला. कॉकाटील जातीचा, छोट्या पोपटासारखा. अंग राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर नारिंगी ठिपके. त्याचं नाव त्यांनी ठेवलं कारभारी. "आमचे कारभारी अजून झोपलेत," असं त्या फोनवर सांगायच्या आणि ज्याला ठाऊक नाही तो गोंधळून जायचा.

आता लेकीचं बाळंतपण आलं होतं. तीन महिने तरी जावं लागणार. जावयाला पिसांनी शिंका येतात, म्हणून कारभाऱ्यांना नेता येत नव्हतं.

वन्संनी पिंजरा टेबलावर ठेवला, वरचं फडकं काढलं आणि पर्समधून चार पानं काढली. दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

"चार पानं?" यजमान म्हणाले. "माझ्या लग्नात मला एवढ्या सूचना कुणी दिल्या नव्हत्या."

"दिल्या असत्या दादा, तर वहिनींचं भलं झालं असतं," वन्सं म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "वहिनी, माझा जीव ठेवून चाललेय तुमच्याकडे. घरात दुसरं बोलणारं कुणी नाही मला. जसा देतेय तसा परत द्या."

"वन्सं, तुम्ही निर्धास्त जा," वहिनी म्हणाल्या.

निर्धास्त हा शब्द तोंडातून किती सहज जातो! पुढे महिनाभर तो वहिनींना रोज आठवला.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. चार पानांत लिहिल्याबरहुकूम सगळं चाललं होतं. खारट काही द्यायचं नाही, स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, रोज दोन तास पिंजऱ्याबाहेर सोडायचं. बाहेर आले की कारभारी थेट मशीनच्या माथ्यावर बसायचे. मशीन धावायला लागलं की तुरा ताठ, थांबलं की तुरा खाली. वहिनींचा हात जरा रेंगाळला तर वरून शिट्टी. दोन सूर, चढता आणि उतरता, अगदी मुकादमासारखी.

"करते हो, करते," वहिनी म्हणायच्या. "तुमच्या मालकीणबाईंचीच सवय लागलीय तुम्हाला."

अडचण एकच होती. एका शाळेच्या सभागृहाचं काम आलं होतं. चौदा खिडक्या, जड कापड, तारीख जवळ. आणि कारभाऱ्यांना पडद्याच्या काठाचा भारी नाद. दोन पडद्यांच्या दुमडी त्यांनी चोचीनं उसवून टाकल्या. पडदा सरळ पडावा, वाऱ्यानं उडू नये, म्हणून त्या खालच्या दुमडीत शिशाच्या मण्यांची दोरी घालतात. बारीक बारीक मणी, वर सुताची विणलेली नळी. वहिनींकडे जुन्या दुकानातून आणलेलं त्या दोरीचं मोठं रीळ होतं. प्रत्येक पडद्यागणिक बोटभर तुकडा कापून उरायचा. तो फेकवत नव्हता. वहिनींनी त्यातला एक उचलून कारभाऱ्यांपुढे टाकला.

कारभारी हरखले. तुकडा चोचीत धरून झटकायचे, टेबलावर आपटायचे, आवाज ऐकायचे, पुन्हा आपटायचे. पोराच्या हाती खुळखुळा दिला की आई जशी स्वयंपाक उरकते, तशी वहिनींनी चौदा खिडक्यांची शिलाई उरकली. जुना तुकडा कुरतडून झाला की नवा. चार पानांत शिशाबद्दल एक अक्षर नव्हतं. कसं असणार? वन्संच्या घरात शिसं कुठून येणार?

त्यानंतर आठेक दिवसांनी एका सकाळी पाण्याची वाटी कोरडी ठणठणीत दिसली. वहिनींना वाटलं, काल भरायची राहिली. भरली. दुपारी पुन्हा कोरडी. संध्याकाळी तिसऱ्यांदा भरताना त्या थांबल्या. पिंजऱ्याच्या तळाचा कागद ओलाचिंब होता.

"अहो, हा किती पाणी पितोय बघा."

"उकडतंय," यजमान पेपरातून म्हणाले. "मीही पितोय."

"तुम्ही तळाशी कागद घालून बसत नाही."

वहिनींचा डोळ्यांवर भरवसा नव्हताच. त्यांनी वाटी काढून पिंजऱ्याला पाण्याची उभी बाटली लावली, तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर रेघा आखल्या, अगदी फितीवर असतात तशा. तसलीच दुसरी बाटली भरून टेबलावर नुसती ठेवली. आपोआप किती सुकतं तेही कळायला हवं ना! कापड भिजवल्यावर किती आटतं हे आधी बघितल्याशिवाय त्यांनी कधी बेतलं नव्हतं, हे तसंच. मापाच्या वहीत मागच्या पानापासून नोंद सुरू झाली. वन्संच्या कागदावर होतं, दिवसाला तीन-चार चमचे पितो. म्हणजे या बाटलीच्या दोन रेघा. पहिल्या दिवशीच पाच भरल्या. मग सहा. मग सात.

खालचा इस्त्रीवाला कपडे द्यायला आला. त्यानं पिंजऱ्यापाशी वाकून पाहिलं.

"पाणीच ठेवू नका, वहिनी. सकाळ-संध्याकाळ एकेक झाकण द्यायचं, बस्स. पिण्याची सवय वाईट. माझ्या मेव्हण्याला लागली होती."

"तुमचा मेव्हणा पाणी पीत होता?"

"नाही ना! म्हणून तर सांगतोय, वेळीच बंद करा."

वहिनी हसल्या, पण काळजीनं माणूस काय वाटेल ते करून बघतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तासभर बाटली काढून ठेवली. कारभारी दांडीवरून उतरले, बाटली असायची त्या जागी गेले आणि रिकाम्या तारेला चोच लावून उभे राहिले. वहिनींनी घाईघाईनं बाटली परत लावली. "तहानलेल्यापुढचं पाणी काढलं रे देवा, चुकले," म्हणाल्या.

जवळचे डॉक्टर कुत्र्यामांजरांचे. त्यांनी कारभाऱ्यांना उलटंपालटं करून पाहिलं, पंख ताणून पाहिले आणि सरळ सांगितलं, "वरून तरी मला काही दिसत नाही. पक्ष्यांचं मला बेताचंच कळतं. ताकदीचे थेंब देतो. पण पाणी मात्र तोडू नका. पितोय तर पिऊ द्या." त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. तिथे आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली.

तोवरचा एकेक दिवस वहिनींना महिन्यासारखा गेला. कारभाऱ्यांची विष्ठा हिरवी पडायला लागली. खाल्लेले दाणे कधी तसेच बाहेर यायचे. मशीनच्या माथ्यावर बसायचे, पण अंग फुगवून, डोळे मिटून. मशीन थांबलं तरी वरून शिट्टी नाही. खोलीत नुसता सुईचा आवाज. वहिनींना तो आवाज नकोसा झाला. काय झालंय ते सांगता येत नाही, आणि झालंय हे तर समोर दिसतंय! बियाणं बदललं, पाणी उकळून गार करून दिलं, पिंजरा खिडकीपासून दूर नेला. रेघा सातच्या खाली येईनात.

आणि रोज संध्याकाळी सहाला वन्संचा फोन.

"आमचे कारभारी काय म्हणतात?"

"छान आहेत," वहिनी म्हणायच्या. "खाताहेत, पिताहेत." पिताहेत हे तर अगदी खरं होतं.

"तू तिला सांगून टाक," यजमान म्हणायचे.

"काय सांगू? आजार काय ते मलाच ठाऊक नाही. तिकडे लेकीचे दिवस भरलेत. इथून काळजी पाठवून काय होणार?"

एके दिवशी वन्सं म्हणाल्या, "त्याची शिट्टी ऐकवा हो. फार दिवस झाले."

वहिनी फोन हातात धरून खिळल्यासारख्या उभ्या. पिंजऱ्यात कारभारी डोळे मिटून बसलेले. वहिनींनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी छताकडे पाहिलं. मग त्यांनी ओठांचा चंबू केला आणि दोन सूर काढले, चढता आणि उतरता.

मग वन्सं म्हणाल्या, "अगंबाई, घसा किती सुधारलाय त्याचा! तुमच्याकडची हवा मानवली."

फोन ठेवल्यावर वहिनी मटकन खाली बसल्या. "हे पाप कुठे फेडू मी?"

"शिट्टी मी वाजवली," यजमान म्हणाले. "निम्मं माझ्या नावावर टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी दांडीवरून पडले. तळाच्या ओल्या कागदावर एका अंगावर, पाय आखडलेले. वहिनींनी देवापुढे हात जोडले नाहीत, तेवढा वेळच नव्हता. पक्ष्याला मऊ कापडात गुंडाळून छातीशी धरलं, रिकामा पिंजरा यजमानांच्या हाती दिला आणि जिना उतरता उतरता म्हणाल्या, "आजवर काही मागितलं नाही. आज मागतेय. ऐक."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. केसांत पेन्सिल खोचलेली. ठरलेली वेळ अजून दोन दिवसांनी असतानाही त्यांनी कापडात पाहिलं आणि सरळ आत घेतलं. वजन केलं, चोच उघडून पाहिली, कातडीखाली थोडं पाणी टोचलं. मग विचारलं, "किती पाणी पितो?"

वहिनींनी वही पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी पान वाचलं, मागचं वाचलं. "हे दुसऱ्या बाटलीचं काय आहे?"

"नुसतं हवेनं किती सुकतं ते. वजा करायला."

"असं माझ्याकडे कुणी आजवर आणलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि कारभाऱ्यांना एक्स-रेला घेऊन गेल्या.

थोड्या वेळानं त्यांनी दोघांना पडद्यावर फोटो दाखवला. हाडं दोऱ्यासारखी बारीक, आणि पोटाच्या जागी चार लखलखीत पांढरे ठिपके.

"धातू आहे. दाणे दळायच्या पिशवीत अडकलाय. तिथं तो झिजत राहतो, रक्तात उतरतो, मूत्रपिंडांना त्रास होतो, मग तहान. कोणता धातू ते रक्तावरून कळेल, पण निकाल यायला तीन दिवस." त्यांनी पिंजऱ्याकडे नजर टाकली. "घरी काही चघळतो का? कधी कधी पिंजऱ्याच्या तारेवरचा मुलामाच निघतो आणि पोटात जातो. पिंजरा तुमचाच का?"

"नाही," यजमान म्हणाले. "माझ्या बहिणीचा."

वहिनी फोटोकडे बघत होत्या. चारातला एक ठिपका गोल होता आणि त्याची एक कड चपटी. साच्यातून निघताना मण्याची एक बाजू बसते, ती. अठ्ठावीस वर्षांत असे लाखभर मणी त्यांच्या बोटांखालून सरकले होते. अंधारात हाताला लागला असता तरी ओळखला असता.

डॉक्टरीणबाई पिंजऱ्याच्या तारेवर नख घासून बघत होत्या. "मुलामा असू शकेल," त्या म्हणाल्या. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. पिंजरा वन्संचा, तार वन्संची.

"पिंजऱ्याचा काही दोष नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "ते माझे मणी आहेत. पडद्याच्या दुमडीतले. शिशाचे. मीच दिले खेळायला. कापलेलं टोक उघडं असतं, त्यातून निघाले असणार. मला कळायला हवं होतं."

डॉक्टरीणबाई झटकन वळल्या. "शिसं? नक्की?"

"नक्की."

"मग तीन दिवस थांबायला नको. इंजेक्शन आत्ताच सुरू करते." त्या कपाटाकडे गेल्याही. "औषध त्या शिशाला धरतं आणि बाहेर काढतं. वेळेवर आलात. तुम्ही बोलला नसतात, तर मी निकालाची वाट बघत बसले असते आणि हा तेवढा थांबला असता की नाही, देव जाणे."

वहिनी भिंतीला टेकल्या. गुन्हा कबूल केल्यावर कुणी 'वेळेवर आलात' म्हणेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी फितीच्या टोकानं पुसलं.

दोन दिवस कारभाऱ्यांना दवाखान्यातच ठेवायचं ठरलं. घरी आल्या आल्या वहिनींनी सहा वाजायची वाट पाहिली नाही. स्वतः फोन लावला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मणी, रेघा, दवाखाना, फोटो.

सांगून झालं तसा त्यांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"वन्सं?"

"म्हणजे काल शिट्टी..."

"ते तुमचे दादा होते."

"मी नंतर बोलते," वन्सं म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

वहिनी फोनसमोर बसून राहिल्या. यजमान टेबलाखाली शिरले होते. मशीनचे पाय, फटी, गठ्ठ्यांचे कोपरे, टॉर्च घेऊन सांडलेले मणी धुंडाळत होते. तिथून मधूनमधून आवाज यायचा. "अकरावा." मग, "बारावा. आणि हा माझा पेचकस, गेल्या वर्षीपासून हरवलेला." एरवी वहिनी हसल्या असत्या.

पाऊण तासानं फोन वाजला.

"आज किती रेघा?" वन्संचा आवाज कोरडा होता.

"सकाळी दवाखान्यात नेईपर्यंतच तीन."

"पूर्वी?"

"दोन. दिवसभराच्या."

"मग आता असं करायचं," वन्सं म्हणाल्या. "मला रोज सकाळ-संध्याकाळ रेघ सांगायची. छान आहे, बरा आहे, असलं एक अक्षर नको. नुसता आकडा. आणि दादाला सांगा, परत तोंड वाजवलं तर याद राख."

"ऐकतोय मी," टेबलाखालून आवाज आला. "एकोणीस झाले."

तिसऱ्या दिवशी कारभारी घरी आले, सोबत औषधाची पेटी. इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ, छातीच्या मांसात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"सुई धरायची तुम्हाला मी काय शिकवणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण जाडजूड कापडाच्या आठ पदरांतून सुई काढणाऱ्या वहिनींनी त्या मूठभर जिवापुढे ती दोनदा खाली ठेवली. यजमान पक्ष्याला कापडात धरून उभे आणि भिंतीकडे तोंड केलेले. "झालं का?" "अजून सुरूच नाही केलं." "मग लवकर कर, मला चक्कर येतेय." पाचव्या खेपेला हात बसला. बाकी वेळ मशीन बंद. पिंजरा आतल्या खोलीत, कामाच्या खोलीचं दार लावलेलं. शिशाच्या दोरीचं रीळ भंगारवाल्याकडे गेलं होतं.

आकडे रोज जात होते. सहा. सहा. पाच. मग औषधाला दोन दिवस विश्रांती होती तेव्हा पुन्हा सात, आणि वन्संनी फोनवर आकडा दोनदा विचारून घेतला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, असं होतं, हाडांत मुरलेलं शिसं परत वर येतं, पुढचा फेरा सुरू करा. केला. पाच. चार. चार. मधेच एका संध्याकाळी आकडा ऐकल्यावर वन्सं म्हणाल्या, "आणि इकडचा आकडा लिहून घ्या. तीन किलो शंभर ग्रॅम. मुलगी झाली." वहिनींनी खरंच लिहिलं, त्याच पानावर, रेघांच्या खाली. पाणी साडेतीन, नात तीन किलो शंभर.

मग एक सकाळ आली. वहिनी पडदा घडी करत होत्या आणि शेजारच्या खोलीतून शिट्टी आली. दोन सूर, चढता आणि उतरता.

"अहो, पुरे झालं," वहिनी म्हणाल्या. "वन्संनी काय सांगितलंय? चेष्टेलाही काही सुमार?"

पुन्हा शिट्टी.

"पुरे म्हटलं ना!"

मोरीचं दार उघडलं आणि यजमान बाहेर आले. तोंडात ब्रश, ओठांवर फेस. त्यांनी खुणेनंच विचारलं, काय झालं? वहिनींच्या हातून घडी सुटली. जड कापड जमिनीवर पसरलं. दोघं दारात जाऊन उभी राहिली. कारभारी दांडीवर, तुरा ताठ, एक डोळा त्यांच्याकडे. एवढा उशीर कशाला, अशी मुद्रा. तिसऱ्यांदा शिट्टी झाली, तेव्हा यजमान ब्रश तसाच धरून हसायला लागले, फेस शर्टावर सांडला, आणि वहिनी दाराच्या चौकटीला धरून तिथेच खाली बसल्या. महिनाभर आवळून धरलेलं काहीतरी छातीतून सैल झालं. "आहेस," त्या वर बघून म्हणाल्या. "आहेस हो."

त्या दिवशी संध्याकाळी बाटलीत अडीच रेघा कमी झाल्या होत्या. आठवड्यानं दोन. एक्स-रेत आधी एकच ठिपका उरला होता, पुढच्या खेपेला तोही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडापुढे धरला आणि म्हणाल्या, "रिकामं. याच्या पोटात आता फक्त दाणे आहेत."

तीन महिने भरले आणि वन्सं आल्या. आल्या त्या थेट पिंजऱ्याकडे. दार उघडलं. कारभारी क्षणभर दांडीवर येरझारा घालत राहिले, रुसल्यासारखे. मग टुणकन खांद्यावर, आणि कानातल्याला चोच. वन्संनी डोळे मिटले. मग त्यांनी डोळे उघडून बाटलीवरची पट्टी वाचली, पक्ष्याची छाती बोटानं चाचपली.

"वजन वाढलंय ह्याचं," त्या म्हणाल्या.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला बोलायचं असेल ते बोलून घ्या. फोनवर बोलला नाहीत. माझ्या मनात ते अडकून राहिलंय."

"फोन ठेवला ना त्या दिवशी, तेव्हा तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला मी मनातल्या मनात. लेक म्हणाली, आई, ओठ का हलताहेत तुझे? मग लक्षात आलं, लग्न झाल्यापासून तुमच्या पिढ्या म्हणजे आमच्याच. म्हणून थांबले." वन्सं खुर्चीवर टेकल्या. "राग होता, वहिनी. खोटं नाही सांगत. चूक झाली त्याचा कमी, 'छान आहेत, छान आहेत' म्हणालात त्याचा जास्त. पण डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर सांगितलं, पिंजऱ्यावर ढकलायची संधी होती म्हणून. मी असते ना, तर ढकललं असतं."

"तुम्ही नसतं ढकललं."

"मला तुमच्यापेक्षा मी जास्त ठाऊक आहे."

यजमान चहा घेऊन आले. वन्संनी नातीचे फोटो दाखवले. नाक कुणाचं यावर भावाबहिणीत थोडी खडाजंगी झाली. मग वन्सं म्हणाल्या, चार महिन्यांनी लेक पुन्हा कामावर जाणार, तेव्हा दोन महिने परत जायचंय.

वहिनींनी कप बशीत ठेवला. त्यांनी कपाकडे बघत विचारलं, "मग कारभारी कुठे राहणार?"

"कुठे म्हणजे? इथेच."

"इथे?"

"मग काय नव्या माणसाकडे ठेवू? तो नवी चूक करणार. तुमची एक तरी करून झालीय." वन्संनी रिकामा कप पुढे केला. "अजून अर्धा द्या. साखर कमी."

वहिनी कप घेऊन आत गेल्या. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी पदरानं तोंड दाबून हसून घेतलं, थोडं रडूनही घेतलं, आणि चहात साखर घालायची साफ विसरल्या. वन्संनी तो बिनसाखरेचा चहा एक शब्द न बोलता संपवला.

जाताना वन्संनी पिंजरा कुणाला धरू दिला नाही. वहिनी खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या. पिंजरा छातीशी कवटाळून वन्सं रस्त्याच्या कडेला थांबल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग एक हात वर करून त्यांनी येणारी अख्खी बस थांबवली. ड्रायव्हर बाहेर डोकावून काहीतरी ओरडला. वन्संनी त्याला पिंजरा दाखवला आणि सावकाश, एकेक पाऊल मोजत, रस्ता ओलांडला.